उतारावर बंद इंजिन

रहाटणी,
ता. १५ एप्रिल २०२६

ती. आप्पांना,
पिंकीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई आणि मी वरडून बोलले की शेजारपाजार सगळा ऐकतो, म्हणून कागदावर लिहायलेय. सातवी शिकलेलीचं अक्षर हाय, हसू नका. आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवू नका. तुमीच वाचा.

आमी मजेत हाओत. अनूला खालचे दोन दात आलेत. आठ महिन्याची हाय पण हात लई चालतो, यांच्या मिशा ओढती आणि हे गप बसून ओढू देतेत. टेम्पोचं काम चांगलं चाललंय. भोसरीतनं सुटे भाग भरायचे, चाकणच्या कंपनीत नेऊन टाकायचे, रोज दोन खेपा. खेपेचा दर ठरलेला, म्हणून डिझेल जेवढं वाचंल तेवढं आपलं. पण त्या वाचवण्यातच सगळा घोळ झालाय.

लग्नात मांडवात तुमी सांगितलं होतं ना, की एस्टी घेऊन आपला अख्खा घाट तुमी इंजिन बंद करून उतरवला, थेंबभर डिझेल जाळलं न्हाई, म्हणून डेपोनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. यांनी ते मनावर घेतलंय. सगळ्या टेम्पोवाल्यांना सांगत फिरतेत की आमच्या सासऱ्यासारखा ड्रायव्हर होणे न्हाई.

या रविवारी आमी कासारवाडीला अंबुमावशीकडं चाललो होतो. पुलाचा उतार लागला आणि यांनी किल्ली फिरवली. गाडी गप. इतकी गप की अनूचं नाक वाजत होतं ते ऐकू आलं. स्टेरिंग असं जड झालं की हे दोन्ही हातांनी ओढायले. तेवढ्यात एक रिक्षा मधी घुसली. यांनी ब्रेक मारला तर पेडल दगडासारखं. सीटवरनं उठून उभे राहून दाबलं तेव्हा कुठं वीतभर अलीकडं थांबलो. रिक्षावाल्यानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे हसत होते. मला म्हणले, आप्पांनी घाट उतरवला आणि तू एवढ्याशा पुलाला भिती, पोरगी कुणाची म्हणायची.

आप्पा, मी एकच विचारते. तुमी खरंच तसा घाट उतरवला होता का? खरं असंल तर मी भिणं सोडते. खोटं असंल तर यांना सांगा. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतेल.

उत्तराची वाट बघते. आईला नमस्कार, आणि माझ्यावर राग धरू नका.

तुमची,
पिंकी


अंबाजोगाई,
ता. २५ एप्रिल

चि. सौ. पिंकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे, ओळी मात्र उताराला लागल्यात. अनूच्या दातांचं वाचून तुझी आई दिवसभर घरात नाचत होती. कैऱ्या उतरवल्या, लोणच्याची बरणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडतो.

निरंजनरावांना सांग, टायरात हवा कमी ठेवू नये, त्यानं डिझेल फार जातं. दर आठ दिवसांनी तपासावी. बाकी जावयाला सासऱ्यानं शिकवायची आपल्यात पद्धत नाही, ते शहाणे आहेत. तू लहानपणापासून भित्रीच. हलगी वाजली की पलंगाखाली जायचीस.

यंदा अधिक महिना आलाय. ३१ मे, रविवारी धोंड्याचं जेवण ठरवलंय. जावयाला घेऊन या. तुझी आई अनारशाचं पीठ आत्तापासून मोजतेय.

सगळ्यांना आशीर्वाद, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझे आप्पा,
ज्योतीराम


रहाटणी,
ता. ४ मे

ती. आप्पांना,
पिंकीचा शि. सा. न.

टायराचं लिहिलं, कैऱ्यांचं लिहिलं, हलगीचं लिहिलं. मी विचारलेलं तेवढं राहिलं. तुमी इसरणारे न्हाईत, म्हणून मला जास्तच भ्या वाटायलंय.

हे आता मोशीच्या उतारावर भरल्या गाडीनं तसंच करायलेत. दीड टन लोखंड मागं असतंय. दुपारी चाकणहून फोन आला न्हाई की मला अनूला पाजता येत न्हाई. यांना सांगितलं तर म्हणतेत, पोरीसाठीच वाचवतोय की. ते बी खरंच हाय. स्वतः चहा सोडलाय माणसानं. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

आता धोंड्याला टेम्पोनंच यायचं म्हणायलेत. आणि आपला घाट तुमच्यावानीच इंजिन बंद करून उतरवणार, म्हणजे तुमच्या पुढं ताठ मानेनं बसता येईल. माझ्या मांडीवर अनू असणार, आप्पा.

मी येणार न्हाई. आईला काय सांगायचं ते सांगा. जावयाला शिकवायची पद्धत नसंल तर नसू द्या, पण मग जावई ऱ्हावा एवढं तरी बघा.

जास्त बोलले असंल तर पोटात घाला.

पिंकी


अंबाजोगाई,
ता. ११ मे

चि. निरंजनराव यांस ज्योतीरामचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र पिंकीच्या सांगण्यावरून लिहितो, पण दोष माझा आहे. मांडवात मी घाटाची अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी अशी.

वरची चार वळणं गाडी बंद इंजिनावर सुरेख उतरली. पाचव्या वळणाला ब्रेकची हवा संपली. इंजिन बंद, तर हवा भरणार कोण? गाडीत एक्केचाळीस माणसं. रस्त्याच्या कामाला मुरमाचा ढीग टाकलेला होता, त्यात गाडी घातली म्हणून आज पत्र लिहितोय. एका बाईचा हात मोडला. त्याच रस्त्यावरचं तिचं गाव मला ठाऊक आहे, पण त्या रस्त्याची ड्यूटी मी पुन्हा कधी मागितली नाही. पंधरा दिवस निलंबित होतो. घरी रजा काढली म्हणून सांगितलं आणि घराला चुना मारत बसलो.

घड्याळ खरं आहे, पण ते तीन वर्षांनी मिळालं. भिमाजी नावाच्या जुन्या ड्रायव्हरशेजारी मला शिकायला बसवलं होतं. तो पुढचा सिग्नल, पुढचा म्हशींचा कळप लांबूनच बघायचा आणि आधीच पाय उचलायचा. ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं डिझेल रस्त्यावर ओतलं, असं म्हणायचा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून पाय काढला की तुमच्या नव्या इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही, वर ब्रेक शाबूत. ज्या गिअरनं घाट चढावा त्याच गिअरनं उतरावा. इंजिन बंद करायची एवढी हौस असेल तर कंपनीच्या गेटवर रांगेत करा. उभ्या गाडीनं कुणी मरत नाही.

हे पत्र मी तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. तेहतीस वर्षांनी ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की चुना तेव्हाच पातळ लागला होता.

सासरा खोटारडा निघाला म्हणून हसा, पण लोभ कमी करू नका.

आपला,
ज्योतीराम


रहाटणी,
ता. २२ मे

ती. आप्पांना आणि आईला,
पिंकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. आधी भडकले. म्हणले, तुझ्या बापाच्या नावावर मी अख्ख्या चाकणमधी फुशारकी मारली, आता तोंड कुठं दाखवू. जेवलेच न्हाईत. मी भाकरी झाकून ठेवली. नंतर घराला चुना मारला ते आठवलं आणि असे हसायला लागले की अनू दचकून रडली. मला एकदाच म्हणले, त्या बाईचा हात.

दुसऱ्या दिवशी मला आणि अनूला गाडीत बसवून मोशीच्या उतारावर नेलं. गिअरमधी. इंजिन घरघरत होतं, मला अंगाईवानी वाटलं. खाली पूल आला तरी ब्रेकला नुसता पाय टेकवला.

आता गेटावर रांगेत बंद करतेत. तिथं तास तास गाड्या धूर काढत उभ्या असतात. रणजीत म्हणून यांचा मित्र हाय, तो आधी हसला, आता त्यानं बी बंद करायला सुरुवात केलीय. टायरात हवा भरून घेतलीय. आधी शनिवारी संपायचं ते डिझेल आता सोमवारपर्यंत पुरतंय, म्हणजे उताराचा तो जीवघेणा खेळ फुकटच होता. चहा परत चालू केलाय, मी करायला लावला.

आप्पा, तुमाला ते लिहायला किती जड गेलं असंल ते मला कळतंय. मांडवात ऐकलेल्या गोष्टीपेक्षा मला हीच जास्त आवडली.

आमी तिघं ३१ तारखेला टेम्पोनंच येतोय. घाटाच्या तोंडाशी हे गाडी थांबवणार हाएत. म्हणले, मी काही बोलणार न्हाई, गिअर तू सांगायचा.

मी दुसरा सांगणार हाय.

माया अशीच असू द्या, आणि अनारसे जपून ठेवा.

तुमची,
पिंकी