पावसासाठी जागा

२ एप्रिल
कन्येचा फोन आला. डॉक्टरांनी जुलैचा पहिला आठवडा सांगितलाय. बाळंतपण इथे की तिथे, ते ठरायचंय. तिने सरळच विचारलं, बाबा, पाण्याचं काय? तिच्या घरी नळाला चोवीस तास पाणी. आपल्याकडे चौथ्या दिवशी, तेही करंगळीएवढी धार. मी सांगितलं, तू येशील तेव्हा अंगणातली टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि तीही पावसाच्या पाण्याने. हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, बाबांचं मनावर घेऊ नकोस, मी बघते.

ही काय बघणार? पाऊस हा माझा विषय. उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. आपलं गाव पर्जन्यछायेत येतं, हे निम्म्या गावाला मीच सांगितलंय.

नातवंड याच घरात यायला हवं. मला फार फार वाटतं. ठरलं तर मग.

३ एप्रिल, सकाळी ६
जलबचत सुरू. नियम फळ्यावर लिहून फळा बाथरूमबाहेर टांगला. आंघोळीला अर्धी बादली. दात घासताना नळ बंद. भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी. शिट्टी वाजली की आंघोळ संपली. शिट्टी शाळेचीच आहे. निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात राहिली होती.

ही म्हणाली, सुरुवात कोण करणार? अर्थात मी. उद्यापासून. आज नळाचा दिवस आहे. ताजं पाणी घरात आलेलं असताना हात आखडता घेणं बरं दिसत नाही.

४ एप्रिल
अर्ध्या बादलीत साबण लावून होतो, निघत मात्र नाही. दिवसभर अंग चिकट. नियमात दुरुस्ती : कुटुंबप्रमुखाला पाऊण बादली. हिने फळ्यावर खाली खडूने लिहिलं, कुटुंबप्रमुख म्हणजे कोण? पुसून टाकलं.

७ एप्रिल
फ्लशच्या टाकीत वीट ठेवली. दर वेळी एका विटेएवढं पाणी वाचतं. हिची तक्रार, आता दोनदा ओढावं लागतं. सवयीचा प्रश्न आहे.

भाजीच्या पाण्याने फरशी पुसली. पालक फरशीवर वाळला. तो खरवडून काढायला दोन बादल्या चांगलं पाणी लागलं. ते या योजनेत धरत नाही.

११ एप्रिल
प्लंबरला बोलावलं. गच्चीचं पाणी पाइपाने खाली, मध्ये गाळणी, मग टाकी. रंगीत नकाशा काढून दाखवला. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, तेही समजावलं. तो प्रत्येक वाक्याला होऊन जाईल म्हणत होता. असा शिष्य शाळेत मिळाला नाही. वितीने गच्ची मोजली, चहा घेतला, उद्या येतो म्हणाला.

१९ एप्रिल
प्लंबरचा उद्या अजून उजाडलेला नाही.

२४ एप्रिल
आला. पाइप बसवले. दोन पाइप टाकीच्या दिशेने, एक कुठल्याच दिशेने नाही. तो कशासाठी, विचारलं. म्हणाला, उरला होता, म्हणून लावून टाकला. राहू दे, पुढेमागे उपयोगी पडेल.

२६ एप्रिल
टेस्टिंग. पाऊस पडल्यावर चूक सापडून काय उपयोग? म्हणून गच्चीवर जाऊन स्वतः पाऊस पाडला. स्वयंपाकघरातली दोन पिंपं, मागच्या दारचं एक, बादल्या मिळतील तेवढ्या. उरलेल्या पाइपाचं तोंड शेजारच्या टेलरच्या खिडकीकडे आहे, हे आजच कळलं. आत इस्त्रीचे कपडे होते. टेलर म्हणाला, मास्तर, हरकत नाही, पण पुढच्या वेळी आधी सांगा, मी सूट खुंटीवरून काढून ठेवीन. सज्जन माणूस.

तात्पर्य : टेस्टिंग यशस्वी. पिंपं रिकामी. पुढचा नळ परवा. हिने विचारलं, स्वयंपाक कशाने करू? मी म्हटलं, संशोधनाला थोडा त्याग लागतो. तिने संध्याकाळी फक्त माझ्या ताटात कोरडी चपाती वाढली. स्वतः टेलरणीकडे जेवायला गेली.

६ मे
गाळणीचं काम हाती घेतलं. खाली खडी, वर कोळसा, त्यावर वाळू. पुस्तकात लिहिलंय, वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. धुतली. पाणी गढूळ. पुन्हा धुतली. चहाच्या रंगाचं झालं. नळ असेपर्यंत धुतली, नळ गेला तेव्हा फिक्या चहाच्या रंगाला आलो होतो. आजचं सगळं नळाचं पाणी वाळूत गेलं. ही काही बोलली नाही.

६ मे, संध्याकाळी
अजूनही बोललेली नाही. तिला बहुधा पटलं असावं.

१४ मे
गच्ची धुतली. जिथून पिण्याचं पाणी येणार, तिथे कबुतरांची घाण असून कसं चालेल? पाणी कुठून आणलं ते इथे लिहीत नाही.

दाढी करणं थांबवलंय. रोज एक मग वाचतो. ही म्हणाली, आजारी दिसता. टेलरने विचारलं, घरी सगळं ठीक ना?

२१ मे
आनंदाची बातमी. कन्या येणार! रविवारी, आठ जूनला. जावई गाडीने आणून सोडणार आणि बाळ झाल्यावर दोन महिन्यांनी न्यायला येणार. हिने फोनवर तिला काय काय सांगितलं, सगळं ऐकलं नाही. पण शेवटचं ऐकलं. ही म्हणाली, पाण्याची जबाबदारी माझी.

म्हणजे माझ्या यंत्रणेवर हिचा विश्वास बसला. किती दिवस वाट बघितली या वाक्याची.

३ जून
हिने परस्पर टँकर मागवला. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून नंबर लावून ठेवला होता म्हणे. टाकी काठोकाठ भरली. ही टाकीचं झाकण उचलून उगाचच आत बघत उभी राहिली. मग कन्येची खोली झाडली, गादी उन्हात टाकली, जुनी सुती लुगडी काढून मऊ दुपटी शिवायला टेलरकडे देऊन आली. गुणगुणत होती. आमच्या घरात हिचं गुणगुणणं बऱ्याच वर्षांनी ऐकलं. बरं वाटलं.

तरी टँकरचं पाणी ते टँकरचंच. मी हिला तसं सौम्यपणे म्हटलं. हिने गुणगुणणं थांबवलं.

५ जून
ढग! वायव्येला दाट फळी. वाऱ्याची दिशा बदललेली. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर. मोबाइलही जोरदार म्हणतोय, पण मोबाइलचं काय, मी मुंग्यांवर जातो. उद्या संध्याकाळपर्यंत नक्की. इतकी स्वच्छ लक्षणं मी पुस्तकातही पाहिलेली नाहीत.

एकच अडचण. टाकी भरलेली. पाऊस येईल तो ठेवायचा कुठे? पाइप तयार, गाळणी तयार, गच्ची धुतलेली, आणि टाकीत जागाच नाही. गच्चीवरचं सगळं पाणी गटारात जाणार. दोन महिने राबलो ते यासाठी? शिवाय नातवंडाला टँकरचं पाणी, आणि पावसाचं वाहून जाणार, हे मनाला पटत नाही.

६ जून, दुपारी ३
निर्णय घेतला. ही टेलरकडे दुपटी आणायला आणि तिथून बाजारात गेली होती. हिला डोकेदुखी नको म्हणून विचारलं नाही. मोटर लावली, नळी गल्लीत सोडली, हाक दिली. दहा मिनिटांत सगळी गल्ली पिंपं, घागरी, कळशा घेऊन हजर. टेलरने बाथटब आणला. त्याच्याकडे बाथटब आहे, हे आज कळलं. टाकीच्या कट्ट्यावर उभं राहून चार शब्द बोललो. पाणी साठवायचं नसतं, वाहतं ठेवायचं असतं वगैरे. टाळ्या पडल्या. तळाचं उरलं ते झाडांना घातलं. मग टाकीत उतरून कापडाने कोरडी पुसली. आता टाकीत पावसाचाच थेंब पडेल.

६ जून, संध्याकाळी
ही आली. टाकीचं झाकण उघडं बघून आत डोकावली. पायरीवर बसली. मी आकाशाकडे बोट दाखवलं. खरोखरच काळंभोर होतं. गडगडलंही. अंगणात थेंब पडले. मोठे थेंब. मी शर्ट काढून उभा राहिलो.

थेंब थांबले.

७ जून, सकाळी
लख्ख ऊन. ढग पूर्वेला सरकले. अशा वेळी ढगांना दोष द्यावा लागतो, भूगोलाला नाही.

७ जून, दुपारी
टँकरवाल्याला फोन केला. आता नंबर पंधरवड्यानंतर. नळ परवा, तोही आला तर.

हिने कन्येला फोन लावला. ओरडली नाही. येऊ नकोस एवढंच म्हणाली, मी येते तुझ्याकडे. मग फोन माझ्याकडे दिला. कन्या म्हणाली, बाबा, असू दे हो, तुम्ही प्रयत्न केलात ना. तिने रागावायला हवं होतं. मी ढगांची दिशा समजावून सांगायला लागलो आणि मधेच माझा आवाज गेला. कफ झालाय.

ही दुपटी बॅगेत भरत होती. मी म्हटलं, मीही येतो. ही म्हणाली, तुम्ही इथेच थांबा. तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा. चारच्या बसने गेली.

९ जून
नळ आला नाही. सकाळी बादली घेऊन टेलरकडे. त्याच्या बाथटबमध्ये माझंच पाणी. त्याने दोन बादल्या दिल्या, वर म्हणाला, लाजू नका मास्तर, घरचंच आहे. टेलरीण दारातून बघत होती. तिसरी बादली मागायचा धीर झाला नाही. गल्लीतली पोरं मला दानशूर म्हणतात. आईबापांकडून ऐकलं असणार.

१५ जून
पाऊस नाही. आता आंघोळ खरंच अर्ध्या बादलीत होते. साबणही निघतो. म्हणजे हा नियम शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता, दोन महिन्यांपूर्वीच पाळायला हवा होता. शिट्टी वाजवायला घरात कोणी नाही. एकदा स्वतःसाठीच वाजवून पाहिली. टेलर धावत आला, काय झालं म्हणून.

२१ जून
टँकर आला. टाकी भरली. हिला फोन करून सांगितलं, आता या. ही म्हणाली, आता तिला गाडीत बसवायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत. बरोबर आहे. डॉक्टरांचं ऐकलंच पाहिजे.

कन्येच्या खोलीत जाऊन आलो. गादी तशीच पसरलेली. तिच्यावर जरा वेळ बसलो. घर खूप मोठं आहे, हे आधी कधी जाणवलं नव्हतं. आठवण येते. दोघींची.

३ जुलै, पहाटे
नात झाली! फोनवर रडणं ऐकलं. चांगलं खणखणीत. हिला म्हटलं, आजोबांवर गेलीय. ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, या आता, बसून काय राहिलात? टाकीचं काय, विचारलं. ही म्हणाली, टाकीला बाळ झालेलं नाही.

दाढी केली. दोन मग पाणी वापरलं. किल्ली टेलरकडे देऊन सातच्या बसने निघालो.

१० जुलै
कन्येचं घर. लंगोट धुण्याचं खातं माझ्याकडे. दिवसाला किती होतात ते सांगत नाही. नळ सोडला की पाणी येतं, थांबतच नाही. सुरुवातीला घाबरून सारखा बंद करत होतो. आता सवय होतेय. काल ही आतून ओरडली, नळ केवढा सोडलाय, जरा बेताने. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं म्हणालं. बारीक केला.

मघाशी टेलरचा फोन. काल तिकडे धो धो कोसळला. म्हणाला, मास्तर, तुमची यंत्रणा चालली, टाकी भरून अंगणभर पाणी, गल्ली भांडी घेऊन उभी आहे, भरू देऊ का? भरू द्या म्हटलं. त्या उरलेल्या पाइपातूनही पाणी आलं म्हणे, या वेळी त्याने सूट आधीच हलवले होते.

तेव्हा लिहून ठेवतो : योजना यशस्वी. लाभार्थी तेवढे बदलले.

कन्या नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती. म्हणाली, बाबा, हिवाळ्यात बाळाला घेऊन येऊ का आपल्या घरी? तोपर्यंत टाकीत पाणी राहील ना? मी तोंड उघडलं. ही दुपट्याची घडी घालता घालता थांबून माझ्याकडे बघत होती. नातही बघत होती.

म्हटलं, टेलरला विचारून सांगतो.