शालिकभाऊंची फिकट सही

६ एप्रिल
"तुले हिरोची पाहिजे तं घे, मले कोनाचीबी सही चालते." दहावीत असताना आफ्रीन मला म्हणाली होती. मी तिला विनोदी नटाच्या सहीचं पान दिलं आणि तिच्याकडून हिरो कुमार राजदीपच्या सहीचं घेतलं. वर माझी मखमली रिबनही दिली, कारण मला तिची कीव आली होती.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आमच्या गावात नाटक असलं की कलाकार घरोघरी जेवायला वाटून देत. मंडप गुलाम रसूलचाचांचा, म्हणून हिरो त्यांच्याकडे. चाचा म्हणजे आफ्रीनचे वडील. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढायचे. आमच्या चिठ्ठीत विनोदी नट शालिक टेंभुर्णे निघाला. आई खूश. मी दिवसभर रडले.

आता शालिक टेंभुर्णे सिनेमात आहे, आणि मी नि आफ्रीन दोघी ब्रह्मपुरीत. तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. आज पाहिलं तर भिंतीवर ती सही फ्रेम करून टांगलेली. नागपूरचा कोणी जुन्या सह्या विकत घेणारा पंचवीस हजार देतो म्हणाला, हिनं नाही म्हटलं.

मला काहीच वाटलं नाही. नोंद एवढ्यासाठी की रिबन खरंच मखमली होती.

९ एप्रिल
माझ्याकडच्या, फ्रेम केलेल्या कुमार राजदीपच्या सहीचा फोटो त्याच नागपूरवाल्याला पाठवला. सही देखणी आहे. खाली दोन रेघा आहेत. शालिकच्या सहीखाली एक पण नाही.

१० एप्रिल
उत्तर आलं: हे कोण? मी चार परिच्छेदांत सांगितलं. त्यानं फोन केला. म्हणे, "ताई, सहीले भाव नसते. आठवन ठेवनाऱ्यायले भाव असते. यायले आठवनारे किती उरले?" मी म्हटलं, मी आहे ना. म्हणाला, "मंग तुमीच ठेवा."
उद्धट माणूस.
आमच्या ह्यांना, प्रफुलना, सांगितलं, तर म्हणतात, "सही राहू दे, फ्रेमच इकून टाक. सागाची हाय."

२१ एप्रिल, दुपारी ४
आफ्रीनकडे ब्लाउज टाकायला गेले. सहज. दारातून येणारं ऊन थेट फ्रेमवर पडतं. 'टेंभुर्णे'मधला 'टें' फिकट वाटला. सांगणार होते, पण तिच्याकडे गिऱ्हाईक होतं.

२८ एप्रिल
दुसरा ब्लाउज. बाहेर पंचेचाळीस. गिऱ्हाईक नव्हतं, पण माझा घसा सुकला होता. निळी शाई जांभळट झाली आहे. शेवटचं अक्षर शोधावं लागतं. ऊन काही मी पाडत नाही.

६ मे
चौथा ब्लाउज. आफ्रीन म्हणाली, "येवढे ब्लाउज! कोनाचं लग्न हाय वं?" मी म्हटलं, आमच्याच लग्नाला वीस वर्षं होताहेत. तर तिनं चौथ्याची शिलाई घेतली नाही. "माह्याकडून गिफ्ट." ही बाई माणसाला धड रागावूही देत नाही.
'शालिक'चा 'शा' गेला.

१५ मे
गावभर बॅनर. साडी शोरूमच्या उद्घाटनाला पंचवीस तारखेला शालिक टेंभुर्णे येणार. ज्यांच्याकडे त्यांची जुनी आठवण असेल त्यांना स्टेजवर बोलावणार. ब्रह्मपुरीत अशी बाई एकच. फ्रेममध्ये आता नुसता कागद म्हटलं तरी चालेल.
तिला सांगायलाच हवं. मैत्रीण आहे. उद्या सांगते.

१६ मे
उद्या.

२४ मे
आफ्रीन म्हणाली, "तू बी चाल, संग बसू." मी म्हटलं, उद्या माझं डोकं दुखणार आहे.

२५ मे, संध्याकाळी ६
घरीच. आफ्रीनचे पाच फोन आले. बिचारी कोरी काच घेऊन स्टेजवर रडत असणार. उचलले नाहीत. दुःखात माणसाला थोडा एकांत हवा असतो.
साडेसहा. सहावा फोन. मोबाइल उशीखाली ठेवला. मला तिचं वाईट वाटतंय. हे वाटणं चांगलं आहे.

२६ मे
सकाळी आफ्रीन आली. हातात ते पान. सही गडद निळी, काल केल्यासारखी.

दुकानात होता तो कलर प्रिंट. तिच्या नवऱ्यानं, आरिफभाईंनी, काढलेला. "खरं पान उन्हात टांगीन का मी? तू तं दर खेपेला पाहून राह्यली होती. म्हटलं, फिकट झालं का रीना सांगन, मंग दुसरा लावू."

मग तिनं पान उलटं केलं. मागे लिहिलं होतं: "रीनास. तुझ्या आईने मला दुसऱ्यांदा भात विचारला. नाटकात आल्यापासून असं पहिल्यांदा कुणी विचारलं."

मी ते पान कधी उलटून पाहिलंच नव्हतं. हिरोच्या सहीसाठी पळत सुटले होते.

आफ्रीननं सांगितलं, काल स्टेजवर शालिकभाऊंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी ते पान मागितलं. त्यांच्याकडे त्या दिवसांतलं काहीच उरलेलं नाही. आफ्रीन म्हणाली, "हे रीनाचं हाय, तिले इचारल्याबिगर नाई देत." म्हणून सहा फोन. शालिकभाऊ विचारत होते, ती पोरगी कुठी हाय, मी तिच्या घरी येतो. अर्धा तास थांबले. मग गाडी नागपूरला निघाली.

"झोपली होती का?" आफ्रीननं विचारलं. मी हो म्हटलं. माझी उशी तिथेच पलंगावर होती. तिनं पान टेबलावर ठेवलं. चहा नको म्हणाली. आजपर्यंत आमच्या घरून ती चहा न घेता गेली नव्हती.

२७ मे
मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, वेळ भरपूर आहे. पान दहादा उलटसुलट केलं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मागचा मजकूर वाचून दाखवायला घरात कोणी नाही. प्रफुल ऐकतील, पण त्यांनी आईचा भात खाल्ला आहे, त्यांना त्यात विशेष वाटणार नाही.

नागपूरवाल्याला फोटो पाठवला नाही. हे पान शालिकभाऊंकडेच जायला हवं. जाताना त्यांनी आपला नंबर आफ्रीनला दिला आहे, मला नाही.

उद्या दुकान उघडलं की जाईन. ब्लाउज न नेता. म्हणेन, आफ्रीन, मले त्यायचा नंबर दे, आन् पान द्याले माह्यासंग नागपूरले चाल. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर नंबरसुद्धा दिला नसता.