पाण्याखालचा दोरा कोणी धरावा

मी, सौ. इंदू श्रीकृष्ण हर्डीकर, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार नगरा, झाशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय दुबळे झाले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मी जुमानला नसता, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

कलम १. नगऱ्यातील घर माझ्या नावावर आहे. त्यात माझे पती श्रीकृष्ण यांनी तहहयात राहावे व त्यांच्या पश्चात ते मुलगा संकेत याच्या मालकीचे व्हावे. वरची खोली भाड्याने द्यायची झाल्यास विद्यार्थ्यांना द्यावी. विमा कार्यालयात नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, उत्तम पोहणाऱ्या बाईला देऊ नये. नाव इथे लिहीत नाही, पुढे लिहावेच लागणार आहे.

कलम २. बँकेतील ठेवी व दागिने संकेतला मिळावेत. त्याला मराठी समजते, पण वाचताना अडखळतो. म्हणून त्याने हे सगळे माझा भाऊ सुबोध याच्याकडून वाचून घ्यावे. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही सुबोधच.

कलम ३. स्कूबाचे सामान. निवृत्तीनंतर आम्ही दोघे तारकर्लीला जाऊन हे शिकलो आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात गरौठ्याच्या बाजूच्या, पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत उतरत आलो. माझा सूट, मास्क वगैरे विकून टाकावे. राहते ते माझे काळे रीळ, आणि त्याबद्दल मला बरेच लिहायचे आहे.

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. गढूळ पाण्यात परतीची वाट दिसत नाही. म्हणून काठाजवळच्या दगडाला दोरा बांधायचा, रिळातून तो सोडत पुढे जायचे आणि गुंडाळत परत यायचे. मागे असलेल्याने दोन बोटांची कडी करून दोऱ्यावर ठेवायची, ती सोडायची नाही. रीळ निवडावे ते साधे, मधल्या भोकात हातमोज्यासकट बोट जाईल असे. दांडा नको, खटका नको. जे नसते ते अडकत नाही. दोरा काठोकाठ भरू नये, नाहीतर कडेवरून सांडतो.

हे लहानपणापासूनचे पतंगबाज. रीळ हातात आले की ह्यांना ती मांजाची चरखीच वाटते आणि हे ढील देतात. पतंग ढील दिल्याने चढतो, पण पाण्यातला ढिला दोरा पायाला वेढा घालतो. शिवाय ह्यांना दांड्याचे मोठे रीळच हवे, कारण ते रुबाबदार दिसते. मी कंठशोष करून सांगत असे, ह्यांना ती कटकट वाटे.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला पाण्यात उतरायला मनाई केली. माझी जागा कलम १ मधल्या त्या बाईने, म्हणजे श्रीमती मुग्धा लघाटे यांनी घेतली. मी काठावर थर्मास घेऊन बसले. खाली ह्यांनी सवयीने ढील दिली, दोरा पायात गुंतला, मोठे रीळ अडकले आणि धडपडीत गाळ उठला. मागे असलेल्या मुग्धाला बोटांत दोरा सैल लागला. ती पुढे सरकली, ह्यांचा पाय सोडवला आणि त्याच दोऱ्याच्या मागाने ह्यांना वर आणले.

वर आल्यावर ती म्हणाली, "श्रीकृष्णजी, पुढच्या वेळी दीदींसारखं छोटं रीळ घ्या. त्यात अटकायला काही आहेच नाही."

हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मला हे आजवर कोणी सांगितलंच नाही."

मी थर्मासचे झाकण इतके घट्ट लावले की ते अजून उघडत नाही. माझा तेव्हा जळफळाट झाला, अजूनही होतो. तिच्यात खोट शोधण्यात मी पुष्कळ वेळ घालवला. ती हसते, वेळेवर येते, आणि ह्यांच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकते. कायद्याने याला खोट म्हणता येणार नाही, पण मला ती बाई सहन होत नाही.

कलम ४. काळे रीळ माझ्याबरोबर चितेवर ठेवावे, असे मी कच्च्या मसुद्यात लिहिले होते. सुबोधने ते वाचले आणि विचारले, "ताई, मग जिजाजींच्या पुढे दोरा घेऊन कोण जाणार?" मी मसुदा त्याच्या हातातून ओढून घेतला. पण ह्यांनी छोटे रीळ आणले तरी ढील देणे सुटलेले नाही, आणि माझ्यामागे हे पाण्यात जाणेही सोडणार नाहीत. संकेत तर पाण्याला घाबरतो.

म्हणून काळे रीळ श्रीमती मुग्धा लघाटे यांना द्यावे. तिने पुढे जावे, दोरा ताणून तिनेच सोडावा. ह्यांनी मागे राहावे व रिळाला हात लावू नये. वापरल्यावर रीळ धुवून सावलीत वाळवावे.

अट एकच. तिने दोरा धरावा, ह्यांचा हात धरू नये. गाळ उठून काहीच दिसेनासे झाले, तर मात्र हातही धरावा, आणि घट्ट धरावा. काठावर आल्यावर सोडावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. शेवटचे कलम मनाविरुद्ध आहे, तरी तेही कायम समजावे. माझ्या हयातीत हे श्रीकृष्ण यांना दाखवू नये.

सही: सौ. इंदू श्रीकृष्ण हर्डीकर

आमच्यासमोर बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. हृषीकेश यशवंत बापट, नगरा
२. सौ. आभा पियुष सप्रे, नगरा

स्थळ: झाशी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५