हिल्डगिथचे शेत आणि दोन नवरे

मी हिल्डगिथ, विथम नदीकाठच्या एल्मस्टो गावची. पाय गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मी सांगते तसे माझे मृत्युपत्र पाद्री विगमुंड लिहून घेत आहेत. मध्येमध्ये सुस्कारे टाकतात, ते लिहू नयेत.

शेत व घर माझी मुलगी तोवा हिला. हे शेत द्यायला माझे आहे का, ते मात्र मला नीट कळत नाही. ते माझा नवरा ओस्लाक याच्या बापाचे. ओस्लाक समुद्रापलीकडून चालून आलेल्या डेनांशी लढायला गेला, तो मेल्याचीच बातमी आली. पुढे डेनांनी जमिनी वाटून घेतल्या, तेव्हा हेच शेत थोरगिल नावाच्या डेनाच्या वाट्याला आले. त्याने मला हाकलले नाही, लग्न केले. तोवा त्याची. पेरणी-कापणी सगळी वर्षे मी केली. आम्हा तिघांत ज्याचा हक्क ठरेल, त्याच्या वतीने मी देत आहे.

तोवा चालू लागली त्या वर्षी ओस्लाक लंगडत दारात उभा राहिला.

"हा कोण?" त्याने विचारले.

"हिचा नवरा," थोरगिल म्हणाला. "तू कोण?"

"मीपण."

दोघे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "आधी जेवून घ्या."

जेवण झाले. निकाल लागला नाही. ओस्लाक गोठ्याशेजारच्या खोलीत राहिला, तो आजतागायत. मी कोणाची, असे पाद्री दर ईस्टरला विचारतात. मीही स्वतःला विचारते.

बैलजोडी व नांगर ओस्लाकला, तो आहे तोवर. चुलीजवळची जागाही त्याचीच.

माझी लोकरी शाल नणंद एडबर्गला. "डेनाच्या पिल्लाला माझ्या भावाचं शेत?" असे ती गावसभेत ओरडली. ओस्लाक उठून म्हणाला, "भाऊ अजून मेलेला नाही, एडबर्ग. शेत पोरीचंच." शाल घेताना तिने तोवाला एकदा नावाने हाक मारावी. नाही मारली, तर शाल मेंढवाड्यात अंथरावी.

विकत घेतलेली वेल्श दासी नेस्ट आजपासून मोकळी. तिला सांगितले तर रडू लागली, "आता कुठं जाऊ, बाई?" कुठेच जाऊ नये. पण मोकळी राहावी.

मला पुरायचे कुठे, यावर माझी मती चालत नाही. चर्चच्या अंगणात ओस्लाकचे घराणे आहे. थोरगिल गेल्या थंडीत वारला, त्याला त्याच्या लोकांनी माळावरच्या जुन्या थडग्याच्या टेकाडात ठेवले. त्यात आधीपासून कोणी आहे; ते कोण, हे कोणालाच माहीत नाही.

शेवटी ओस्लाकलाच विचारले. तो बैलाची मान खाजवत होता.

"टेकाडावर ठेवीन तुला," तो म्हणाला. "मीही तिकडंच येणार. त्या थोरगिलशिवाय संध्याकाळ जात नाही माझी."

टेकाड चर्चच्या पवित्र जमिनीबाहेरचे, म्हणून पाद्री नको म्हणतात. तरी लिहावे.

खूण: हिल्डगिथ ✚
साक्षीदार: ओस्लाक ✚, गावप्रमुख केटिल ✚, विगमुंड (स्वतःच्या हाताने)
एल्मस्टो, सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, डुकरे कापायचा महिना.