सबीलवर कुणाचं नाव?

प्रिय हसनचाचा,

"पानी देताना नाव इचारू नये, गो बाय. आधी पी."

तुम्ही मला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. इथे आखातात, अल मवालेहला राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. एका कडेवर लेक रेवा, दुसऱ्या हातात भाजीच्या पिशव्या, अशी मी बाजारातून भर उन्हात चालत आले आणि तुमच्या दुकानाबाहेरच्या स्टीलच्या कूलरपाशी थांबले. वरच्या मजल्यावर नवीन आलेय, माझं नाव अमुक, असं रीतसर सांगायला लागले तर तुम्ही मधेच तोडलंत. रेवाला माझ्याकडून घेतलंत आणि ग्लास माझ्या हातात दिलात.

आज लिहायला बसले तीही नावापायीच. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. परवा इक्बालभाई घरी आले. म्हणाले, "बाय, तू शाळेत शिकवतेस, तुला जमेल. अब्बांच्या सबीलवर पाटी लावायचीय. मजकूर तेवढा दे लिहून. अब्बांचं नाव मोठं, अम्मीचं खाली."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गेलेल्या माणसाच्या नावानं वाटसरूंसाठी पाणी लावायचं, त्याला इथे सबील म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. इक्बालभाईंना वाटायचं, दुकानाबाहेरच्या कूलरचं हे पाणी तुम्ही अम्मीसाठी लावलंत. अख्ख्या गल्लीला तसंच वाटायचं. ते कुणासाठी आहे हे फक्त मला ठाऊक होतं आणि त्या माणसाचं नाव तर मलाही ठाऊक नव्हतं. मग पाटीवर लिहू काय, चाचा?

तुमच्या लढाईच्या गोष्टी ऐकायला पोरं दुकानात कशी गोळा व्हायची! तुम्ही खुर्चीत, पोरं बटाट्याच्या गोण्यांवर. रेवा तिच्या अडखळत्या मराठीत विचारायची, "चाचा, मरीन म्हणजे नेव्ही ना?"

"नाय गो. नेव्हीवाला जहाजावर ऱ्हातो. मरीन जहाजावरनं उतरतो, बेटावर, गोळ्या खायला. आमी उतरवायचो त्यांना."

"तुम्ही फाइट केली?"

"मी कांदे कापले!"

पोरं हसायची. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा, मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा इंग्रज कंपनीच्या जहाजावर भटारखान्यात लागतो काय, ते जहाज दुसऱ्या महायुद्धाच्या कामाला जुंपलं जातं काय आणि अमेरिकन मरीनना घेऊन थेट पॅसिफिक समुद्रात पोहोचतं काय! तुम्ही ते असं सांगायचात, की जणू जत्रेत चुकून भलत्याच होडीत बसलात.

आणि तो तांबड्या केसांचा मरीन! कसल्याशा शिक्षेपायी त्याला तुमच्याकडे बटाटे सोलायला पाठवलं होतं. त्यानं तुमच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं जाम समजून ब्रेडला फासलं.

"खाल्लान, नि नाकाडोळ्यातनं पानी! मी गलासावर गलास देतोय, तो पितोय. नि परत हात पुढं केलान. बोलतो कसा, मोर! म्हंजे आनखी दे!"

त्यानंतर तो रोज यायचा. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्याला तुमची कोकणी कळत नव्हती. तो तुम्हाला 'जॅक' म्हणायचा, तुम्ही त्याला 'लोणचं'.

"मग त्या लोणचंचं काय झालं?" पोरं विचारायची.

"काय व्हायचं? उतरला बेटावर," असं म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळायचात. गोष्ट तिथेच संपायची. आम्हाला वाटायचं, पुढे काही नसेलच.

पुढचं तुम्ही मला सांगितलंत, माझी आई गेल्यावर. मी पुण्याहून परतले होते. शेवटचा पूर्ण दिवस आई दवाखान्यात पाणी मागत होती. डॉक्टर म्हणाले होते, तोंडावाटे काही द्यायचं नाही. मी कापसाचा बोळा तिच्या ओठांना लावत राहिले, बाकी काही नाही. हे मी कुणालाच बोलले नव्हते. तुमच्या दुकानात मेथीची जुडी हातात धरून, का कोण जाणे, तुम्हाला बोलले.

तुम्ही जुडी माझ्या हातातून काढून घेतलीत. शटर अर्धं खाली ओढलंत. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान होऊन गेली तरी तुम्ही उठला नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बेटावरनं होड्या परत यायला लागल्या," तुम्ही म्हणालात. "जेवढे उतरवले तेवढे वर नाय आले. आमी खलाशी, भटारी, सगळे हात लावत होतो. त्यात हा. पोटात लागलेलं. मला बघून बोलला, जॅक, वॉटर. मी पान्याचा मग भरून आनला. डॉक्टर वरडला, पोटात जखम हाय, पानी नाय द्यायचं, मरंल तो. मी तो मग धरून हुभा. तो मगाकडं बघतोय. मी त्याच्याकडं बघतोय. मग मी ते पानी बालदीत ओतलं, बाय. त्याच्या समोर."

"मग?"

"सांज व्हायच्या आत गेला. मी डॉक्टरला खुणेनं इचारलं, वाचला असता का? त्यानं मान हलवलीन. नाय. कसाही नसता वाचला."

तुम्ही मेथीची जुडी टोपलीत नीट ठेवलीत. मग म्हणालात, "म्हंजे दिलं असतं तरी चाललं असतं ना?"

चाचा, मला वाटलं होतं, माझी समजूत घालायला काहीतरी सांगाल. तुम्ही समजूत घातलीच नाहीत. पण त्या दिवसानंतर मी एकटी राहिले नाही, एवढं खरं.

"त्याचं नाव काय हो?" मी विचारलं.

"इचारलं नाय. मी लोणचंच म्हनत ऱ्हायलो." आणि उठता उठता म्हणालात, "इक्बालला आत्ता नको सांगू. त्याला वाटतंय अम्मीसाठी हाय. वाटू दे. पानी दोघांना पुरतं."

एका गोष्टीचा राग आहे तुमच्यावर. मी सुट्टीत पुण्याला गेलेली बघूनच जायचं होतं का? इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा तुमचं दफनही झालं होतं. परत आले तर खुर्ची रिकामी, आणि कूलरपाशी रुसैलच्या कारखान्यांत जाणारे कामगार नेहमीसारखे बाटल्या भरत उभे. बस हॉर्न वाजवत होती. कुणीतरी ओरडलं, "यल्ला, यल्ला!" तुम्ही नाहीत हे त्यातल्या कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. तुम्हाला तेच आवडलं असतं, नाही?

पाटीसाठी कागद घेऊन बसले. तुमचं नाव लिहिलं, खोडलं. शेवटी काल दुकानात गेले आणि इक्बालभाईंना सगळं सांगून टाकलं. तुम्ही 'आत्ता नको' म्हणाला होतात, 'कधीच नको' नव्हे, अशी मनाची समजूत घालून घेतली. रागवायचं तर रागवा.

ते ऐकत होते. टोमॅटो निवडायचे थांबले होते. मला वाटलं, दुखावले. आईच्या नावाचं पाणी मी त्यांच्याकडून काढून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "म्हणून अब्बा त्यातलं पाणी पीत नव्हते."

चाचा, मी इतकी वर्षं रोज तिथून येत-जात होते. तुम्ही सगळ्यांना भरून द्यायचात आणि स्वतःला तहान लागली की आत जाऊन नळाचं कोमट पाणी प्यायचात. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

"लहानपणी मी विचारायचो, अब्बा, थंड आहे, प्या ना," इक्बालभाई म्हणाले. "म्हणायचे, माझं नाय ते."

मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, बघितला आणि परत दिला. "नाव नको, बाय. कुणाचंच नको. नुसतं लिही, थंड पाणी आहे, प्या. अरबीत लिहू, आपल्यात लिहू."

"अम्मीचंही नको?"

"अम्मी समजून घेईल. तिला अब्बांची सवय होती." डोळे पुसत हसले.

तेव्हा पाटी तशीच लागेल. उन्हाळा सुरू व्हायच्या आत कूलरचं फिल्टर बदललं जाईल, ते मी स्वतः उभी राहून बघेन. रेवाला पुढची गोष्ट सांगेन, लोणच्यापाशी थांबणार नाही. आणि त्या कूलरपाशी आलेल्याला मी कधी नाव विचारणार नाही. हा माझा शब्द.

आता एकच मागणं. पाटी लावायच्या दिवशी मी तुमची खुर्ची बाहेर काढणार आहे. सबीलचं पहिलं पाणी ग्लासात भरून तिच्यावर ठेवणार आहे. तुमच्यात असं करत नाहीत, ठाऊक आहे. तरी ते तुम्ही प्या. तुमच्या त्या 'लोणचं'नं तुम्हाला केव्हाच माफ केलं असेल, चाचा. त्या जहाजावर, त्या गर्दीत, त्याला तुमचाच चेहरा ओळखीचा होता.

तुम्ही मान हलवाल. "माझं नाय ते," म्हणाल. ग्लास उचलून समोरून येणाऱ्याच्या हातात द्याल.

तरी भरून ठेवते. प्या ना.

तुमची,
वरच्या मजल्यावरची बाय