नविनच्या कमरेची गाठ

मी भीमा जान्या पागधरे, वय ५३, धंदा जाळी व दोरकाम, राहणार नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. यकृत ठिकाणावर नाही, पण या कामाला ते लागत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तो आजवर कोणालाच जमला नाही, आणि त्याची काय किंमत झाली ते कलम ४ मध्ये येईल.

१. माझी धाकटी बहीण निर्मला हिचा नवरा नविन याच्या खुनाबद्दल सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये मला जन्मठेप दिली. साक्षीदार कोणी नाही, सगळा परिस्थितीजन्य पुरावा. त्यावर माझं अपील मुंबई उच्च न्यायालयात आहे. आजारामुळे जानेवारीपासून जामिनावर घरी आहे. अपिलाचा नंबर लागायच्या आत माझाच नंबर लागेल, असं दिसतं. खून मी केलेला नाही.

आरोपपत्रात माझ्या नावापुढे 'अशिक्षित' लिहिलं आहे. मी चौथीनंतर शाळेत गेलो नाही, एवढं खरं. पुढचं सगळं स्वतः वाचून शिकलो. यापुढे कुठल्याही कागदावर मला 'दोरकामाचा कारागीर' असंच लिहावं.

२. नरपडचं दोन खोल्यांचं घर, पडवी आणि मागची दोन चिकूची झाडं निर्मलाला द्यावीत. बिनशर्त. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

३. जाळी विणायच्या सागाच्या सुया अकरा, निर्मलाची मुलगी, माझी भाची कल्पिता हिला. बारावी तुरुंगात जमा आहे, पावती डब्यात आहे. फौजदारी कायद्याचं पुस्तक माझ्या वकील निलम मॅडम यांना. समासातल्या माझ्या टिपा खोडू नयेत. बोंबील वाळत घालायचे बांबू सोनूबाईंना. त्यांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली, पण माझं वाक्य शब्दशः सांगितलं, एक अक्षर चुकल्या नाहीत. असं माणूस आता मिळत नाही. शेजारी दिपक या कागदावर साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही मिळता कामा नये, म्हणून माझी शिडी त्याला मिळणार नाही. दुसरंही कारण आहे, ते त्याला माहीत आहे.

४. आता घडलं ते. ९ नोव्हेंबर २०१४, सकाळची ओहोटी. नविन आणि मी समुद्रात रोवलेल्या खुंटांवरची जाळी बघायला निघालो होतो. एकटा माणूस त्या खुंटांपर्यंत जातो तेव्हा कमरेला दोरी बांधून तिचं दुसरं टोक खुंटाला अडकवतो, म्हणजे पाण्याची ओढ त्याला नेत नाही. कमरेच्या त्या गाठीवरून आमची वाजली.

तो म्हणाला, "दादा, तुझ्या गाठीचं किती कौतुक ऐकायचं? आता मलाही येते."

मी म्हणालो, "तुला येते ती गाठ नाही, गुंता आहे."

"मग आज एकटाच जातो. बघ."

"जा. पाण्यातच कळेल तुला."

हे शेवटचं वाक्य किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या सोनूबाईंनी ऐकलं. कोर्टात ते धमकी झालं. मी अर्ध्या वाटेवरून घरी फिरलो. वाटेत कोणी भेटलं नाही. संध्याकाळच्या ओहोटीला नविन खुंटाला बांधलेला सापडला, बुडून मेलेला. दोरी माझ्या पडवीतली होती.

न्यायाधीश साहेबांनी फोटो दाखवून मला विचारलं, "ही गाठ कोणाची?"

मी म्हणालो, "माझी. नरपड ते झाई दुसऱ्या कोणाला येत नाही."

तेव्हाच्या माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. निकालपत्रात पान २२ वर आहे: दुसऱ्या कोणाला येत नाही, म्हणजे मयतालाही येत नव्हती, सबब ती आरोपीनेच बांधली. तर्कात चूक नाही. मी दिलेलं उत्तरच खोटं होतं.

तुरुंगात चष्मा मिळाल्यावर मी फोटो क्रमांक ७ नीट पाहिला. माझी गाठ उजवीकडे वळते, फोटोतली डावीकडे. किनाऱ्यावरचा डावा शंख कसाही फिरवून धरा, तो डावाच राहतो, गाठीचंही तसंच. निर्मलाच्या साक्षीत पान ४१ वर तिचंच वाक्य आहे: "घड्याळ उजव्या मनगटावर होतं, त्यावरून ओळखलं. ते डावखुरे होते." डावखुऱ्याच्या हाताने तीच गाठ डावीकडे वळते, म्हणजे ती नविनने स्वतः बांधली. दोन्ही कागद पहिल्यापासून कोर्टात आहेत, कोणी शेजारी शेजारी ठेवले नाहीत.

निलम मॅडम म्हणाल्या, "काका, त्याला गाठ येते हे तेव्हाच का नाही बोललात?"

कारण तसं बोलायचं तर मी ती त्याला शिकवली, हे सांगावं लागलं असतं. आणि शिकवताना काय राखून ठेवलं, तेही. गाठीला शेवटचा एक वेढा असतो. तो घातला की दोरीला कितीही ताण असो, शेपूट खेचलं की गाठ सुटते. उस्तादाने एक डाव हातचा राखावा म्हणतात. मी तो वेढा राखला. फोटोत तो नाही. नविनची गाठ गुंता नव्हती. ती इतकी पक्की होती की भरती चढली तेव्हा त्याला सोडवता आली नाही. हे निर्मलाला तोंडाने सांगायला मला साडेचार वर्षांत जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

५. अपील. मी मेलो की अपील मरतं. मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९४ प्रमाणे, मृत्यूनंतर तीस दिवसांत जवळच्या नातेवाइकाने अर्ज केला आणि कोर्टाने परवानगी दिली, तर ते पुढे चालतं. जवळचा म्हणजे आईवडील, नवराबायको, मुलंनातवंडं, भाऊ, बहीण. भाची त्यात बसत नाही; मी तीनदा वाचलं. माझे आईवडील गेले, बायको गेली, मूल झालं नाही. उरली निर्मला एकटी.

निलम मॅडम म्हणाल्या, "काका, अपील ही मालमत्ता नव्हे, मृत्युपत्रात देता येत नाही."

तर देत नाही, विचारतो. निर्मला, अर्ज केलास तर माझं नाव धुतलं जाईल, आणि तुझ्या नवऱ्याला उत्तम गाठ येत होती हे हायकोर्टाच्या कागदावर येईल. नाही केलास तरी घर तुझंच.

६. पडवीत फळी आहे. तिच्यावर तीच गाठ सात टप्प्यांत बांधून खिळवली आहे. सातवा टप्पा शेवटचा वेढा. फळी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये, हात पोचेल अशी लावावी. जो विचारील त्याला सातही टप्पे शिकवावेत. हे काम कल्पिताचं, तिला मी पूर्ण शिकवलं आहे.

पाने चार. खाडाखोड एक, पान ३ वर: 'मयताची गाठ' खोडून 'नविनची गाठ' केलं आहे, तिथे सही आहे.

पुरवणी, सहीआधी. हा कागद मी कल्पितासोबत निर्मलाला वाचायला पाठवला होता. आज सकाळी तो परत आला.

मी विचारलं, "काय म्हणाली?"

कल्पिता म्हणाली, "मामा, दोनदा वाचला. काल दुपारभर चुलीपाशी बसून होती. मग एवढंच विचारून ये म्हणाली, की तीस दिवस मरणाच्या तारखेपासून मोजायचे, की दाखला हातात पडल्यापासून?"

उत्तर इथे लेखी देतो: मरणाच्या तारखेपासून. दाखल्यासाठी थांबू नये.

सही: भीमा जान्या पागधरे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. दिपक लक्ष्मण तामोरे, नरपड
२. जमना रामा दवणे, आगर

ठिकाण: नरपड
दिनांक: २ जून २०१९