चटणी घालायच्या आधी

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

शाहूपुरी, करवीर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८३६

चि. सौ. दानव्वा हिस नागाप्पाचे अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना हात जरा थांबला. माझा लेक बसलिंग गाठीच्या तापाने गेल्यापासून तुझ्या नावाआधी ते लिहायची सवय मोडली होती. मग ठसठशीत लिहिले. तुझा उडकीचा, म्हणजे दुसरा, विवाह व्हावा म्हणून खटपट मीच केली, तर आता लिहिण्यात कंजुषी कशाला करू?

इकडे सर्व ठीक आहे. गुळाचा हंगाम सुरू झाला. पहाटेपासून गाड्या लागतात, बैलांच्या घुंगरांनी झोप मोडते. अर्थात झोप लागली असेल तर. घर तसेच आहे. परसातल्या शेवग्याला यंदा शेंगा फार आल्या, खायला कोणी नाही म्हणून शेजारीपाजारी वाटल्या.

हे पत्र मौला बांगडीवाल्याच्या हाती देतो. तो आजऱ्याच्या बाजाराला निघालाच आहे, आणि बांगड्या भरणाऱ्याला कोणत्याही घरच्या सोप्यावर बसायची मुभा असते. तुझ्या नव्या सासरची अट मी विसरलेलो नाही. पहिल्या घरच्या माणसाने तिथे पाऊल टाकायचे नाही, इकडचे काही तिकडे जायचे नाही, नाहीतर मेलेल्याची सावली मागोमाग येते म्हणतात. बसलिंग जिवंतपणी कधी कुणाच्या मागे लागला नाही, मेल्यावर काय लागणार! पण अट ती अट. वाचून झाले की कागद चुलीत घाल.

कारण असे की, आपल्या गुळाच्या अडतीवर वजन करणारा केरबा तोलार तुला आठवत असेल. त्याला हल्ली आम्लपित्ताने धरले आहे. छातीखाली निखारा ठेवल्यासारखे होते, आंबट पाणी घशाशी येते, जेवले तरी जळते आणि न जेवले तरी जळते. तो मला म्हणाला, "शेट, तुमचं प्वाट वैनीनं कसं बरं केलतं?" मला काय ठाऊक! मी पुढ्यात आले ते खात होतो. एवढे आठवते की आमटीत लाल चटणी घालायच्या आधी तू माझी वाटी वेगळी काढायचीस. बाकी सकाळी काय द्यायचीस, दुपारी दुकानावर डब्यातून काय पाठवायचीस, ते नीट आठवत नाही. माणूस बरा असला की कशाने बरा आहे हे विचारीत नाही.

तेव्हा मौलाजवळ सविस्तर सांगावे. केरबाची फार आबाळ होते. शांतव्वा म्हातारी रांधून जाते, पण आमटीत चटणी नसली तर तिला ती आमटी उघडी पडल्यासारखी वाटते. कितीही सांगा, हात सैल तो सैलच.

मी बरा आहे. तुझ्या घरी सर्वांना सुख असो.

नागाप्पा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

शाहूपुरी, करवीर
पौष शुद्ध सप्तमी, शके १८३६

चि. सौ. दानव्वा हिस आशीर्वाद.

मौला परत आला. या माणसाच्या पोटात काही राहत नाही. माझे पोट जळते ते परवडले. दुकानाच्या पायरीवर बसला, पाणी प्याला, आणि सगळे ओतून मोकळा झाला.

"अक्कानं कागद वाचला, घडी घातली, न् इचारलं, केरबादादाला कवापास्नं हुतंय? म्या म्हटलं, केरबा खिळं खाऊन पचवील की. शेटच कण्हत्यात."

"मग?" मी विचारले.

"मग काय. हसली न्हाय. हातात बांगडी भरत हुतो, ती निम्म्यावर ऱ्हायली. म्हनली, केरबादादाला म्हनावं, सांगती तसं करा."

दानव्वा, तू माझे खोटे उघडे पाडले नाहीस. आणखी वर पांघरूण घातलेस. बरे वाटले, आणि लाजही वाटली. तर आता तो केरबा राहू दे. पोट माझेच आहे.

तुझा निरोप मौलाने पाढ्यासारखा पाठ करून आणला होता. रात्री काळ्या मनुका भिजत घालून सकाळी चावून खायच्या, वर तेच पाणी प्यायचे. रिकाम्या पोटी चहा बंद. भूक खवळायच्या आत साळीच्या लाह्यांचे पाणी, त्यात खडीसाखर. दुपारी जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे वरण, तूप, कोहळ्याची नाहीतर दुध्याची भाजी. संध्याकाळी जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून, तीही दिवस मावळायच्या सुमारास. आंबट ताकाला शिवायचे नाही, नवा गूळ चाखला तर थुंकून टाकायचा. आणि सावकाश खायचे.

मनुकांचे ऐकून मी थक्क झालो. लिंगपूजा झाली की तू त्या माझ्या हातावर ठेवायचीस आणि मी डोळ्याला लावून प्रसाद म्हणून खायचो. औषध म्हणून दिल्या असत्यास तर मी नको म्हटले असते, हे तू घरात आल्या आल्या ओळखले असणार. आता माझ्या मीच भिजवतो आणि माझ्या हातावर मीच ठेवतो. खातो, पण प्रसाद वाटत नाही.

सगळ्यात अवघड काम गुळाचे. अडत्याने गूळ चाखायचा नाही तर करायचे काय? ढेप फोडली की चिमूटभर जिभेवर ठेवावीच लागते, आणि नवा गूळ पोटात गेला की संपलेच. तुझ्या सांगण्याप्रमाणे चाखतो आणि थुंकून टाकतो. पण शेतकऱ्यांचे चेहरे पडतात. त्यांना वाटते, शेटला माल पसंत नाही. एकजण तर काकुळतीला येऊन आपणहून भाव उतरवू लागला. त्याला बाजूला घेऊन माझ्या पोटाची सारी कहाणी सांगावी लागली. आता बाजारभर तिचा बोभाटा आहे.

वैद्यबुवांकडेही गेलो होतो. त्यांनी नाडी बघितली, ज्येष्ठमधाच्या पुड्या बांधल्या, आणि बांधता बांधता विचारले, "जेवताना घरात कोण असतं?" मी म्हटले, मांजर. त्यांनी आणखी एक पुडी बांधली.

तू समोर निवडायला काहीतरी घेऊन बसायचीस. मी भराभर गिळायला लागलो की तुझा हात सुपात थांबायचा. बोलायची नाहीस. हात थांबला की मला कळायचे आणि मी चावायला लागायचो. हे पथ्य मौलाजवळ सांगून पाठवता येत नाही.

आता एक लिहितो, ते तुला कदाचित ठाऊकच असेल. तुझा भाऊ स्थळ घेऊन आला तेव्हा तू दाराआडून म्हणालीस, "मामंजींच्या पथ्याचं कोन बघनार?" वयाने तू किती लहान, आणि एका म्हाताऱ्याच्या आमटीची वाटी राखत आयुष्य काढायला निघालीस! मला रात्रभर ते सोसले नाही. सकाळी मी शांतव्वाकडून हिरव्या मिरच्यांचा खर्डा वाटून घेतला आणि तुम्हा दोघांसमोर भाकरीबरोबर अख्खा गोळा खाल्ला. वर हसलो. "प्वाट बरं झालं. आता मला कुनाची गरज न्हाय," असे म्हणालो.

त्यानंतर परसात जाऊन माझे काय झाले ते शेवग्याला माहीत. तू जाताना माझ्या पाया पडली नाहीस, मागे वळून बघितले नाहीस. ते मनाला लागले. पण खोटे बोलल्याचा मला पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा गोळा खाईन.

उत्तराची घाई नाही. मौला जाईल तेव्हा जाईल.

नागाप्पा

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

शाहूपुरी, करवीर
माघ शुद्ध दशमी, शके १८३६

चि. सौ. दानव्वा हिस पोटभर आशीर्वाद.

आधी तब्येतीचे. पहाटेचे जळणे थांबले आहे. आंबट पाणी क्वचित येते. दुपारी अजून थोडे होते, पण शांतव्वाला मी आता चुलीजवळ बसून राखतो. चटणीच्या डब्याला तिचा हात गेला की खाकरतो. ती रागावते, "शेट, असलं मिळमिळीत रांधून माझं नाव जाईल," म्हणते. एकंदरीत तुझ्या औषधाला गुण आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सोमवारी तुझा नवरा ईराप्पा गूळ घेऊन आपल्या अडतीवर आला होता.

त्याला मी पूर्वीपासून ओळखतो, हे तुला सांगितले नव्हते. स्थळ आले त्याच्या आधी दोन हंगाम तो शाहूपुरीत माल आणत होता. माणूस पारखायची मला एकच रीत येते, ढेप मधोमध फोडून बघायची. पुष्कळांचा गूळ वरून पिवळाधमक आणि आत काळा निघतो. त्याचा आतबाहेर सारखा होता. तुझ्या भावाने त्याचे नाव काढले तेव्हा मी खुशाल हो म्हटले. तो मात्र मला निव्वळ अडत्या म्हणून ओळखतो, असे मी समजत होतो.

माल उतरला, वजन झाले. मग तो जवळ येऊन हळू म्हणाला, "शेट, तुम्ही कोन ते मला ठावं हाय. आईला न्हाय ठावं."

मी विचारले, "पोर बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. कामाला वाघीन हाय. पर येक इचारतो. आमटीत चटणी घालायच्या आधी ती रोज पळीभर वाटीत काढून ठेवती. समदी जेवली की ती आमटी आपल्याच भातावर वतून घेती. आई म्हनती, सुनंला तिखाट सोसत न्हाय. मला म्हाईत हाय, तिला चांगलं सोसतंय. म्या इचारलं, कुनासाठी काढतीस? तर म्हनली, हाताला वळन पडलंय."

मी काट्याकडे बघत राहिलो. केरबाने पुढच्या गाडीचे वजन ओरडून सांगितले, ते मला ऐकू आले नाही.

दानव्वा, मला फार एकटे वाटते. एवढे एक वाक्य लिहायला मला दोन पत्रे मध्ये घालवावी लागली. दिवसभर बाजारात माणसांची रेटारेटी असते, सगळे शेट शेट करतात, आणि संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करायला बसलो की वाटीचा आवाज सुद्धा मोठा वाटतो. मला वाटत होते, तू माझ्यावर राग धरून गेलीस आणि राग धरून नांदते आहेस. तसे असते तरी चालले असते. तू सुखात राहा एवढेच माझे मागणे होते. पण तुझ्या घरी रोज माझी वाटी निघते हे ऐकले, आणि मला तुला बघावेसे वाटू लागले. ते आता जात नाही.

ईराप्पाच म्हणाला, "गुऱ्हाळ बघाय म्हनून या. अडत्या आला तर आई सोताहून पान वाढाय सांगती. आईनं तुमाला कवा बघितलं न्हाय. पावणं म्हनून या, पावणं म्हनून जावा."

तर शिवरात्र झाली की गाडी करून निघतो. अट मोडतो आहे, त्याचे काय ते वीरभद्र बघेल. बसलिंगची सावली माझ्यामागे आलीच तर तिला गुऱ्हाळावर बसवून ठेवीन. त्याला गरम काकवी आवडायची.

आता नीट वाच. मी आलो की कोल्हापूरचा कोणी अडत्या आला आहे, एवढेच धरून चाल. डोईवर पदर घे आणि बाकीच्या पावण्यांना वाढतेस तसे वाढ. माझ्यासाठी मऊ भात करू नकोस. लाह्यांचे पाणी पुढे करू नकोस. वेगळी काढलेली आमटी तर मुळीच आणू नकोस. परक्या माणसाचे पोट सुनेला कसे ठाऊक, असे तुझ्या सासूबाईंनी विचारले तर तुला उत्तर देता येणार नाही, आणि मी तुला पुन्हा घराबाहेर काढायला येत नाही. मी भराभर गिळायला लागलो तरी तुझा हात थांबू देऊ नकोस.

पोटाची काळजी करू नकोस. परत आल्यावर आठ दिवस मनुका आणि लाह्या खाईन, होईल ठीक. एका जेवणाने माणूस मरत नाही, हे खर्ड्याच्या वेळी सिद्ध झालेच आहे.

उलट माझे एक ऐक. त्या दिवशी आमटी चांगली झणझणीत कर, चटणीला हात आखडू नकोस. तुला समोर बघून माझ्या डोळ्यांना पाणी येणार, ते मला आवरणार नाही. म्हणजे तुझ्या सासूबाई एवढेच म्हणतील, की कोल्हापूरचा असून पावण्याला तिखट सोसत नाही.

तुझ्या दारी येणारा पावणा,
नागाप्पा